पाच ठिकाणं, दोन दिवस आणि एक गुडघा

ओ.आर. म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च हा विषय आपल्याकडे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, त्यात मार्क मिळतात. दोन, पेपर संपला की तो कायमचा विसरता येतो. मीही विसरणारच होते. पण बाबांना मुंबईची म्युझियम्स दाखवायची ठरली आणि ओ.आर.ची वही रद्दीतून परत काढावी लागली. त्या वहीचं काय झालं आणि म्युझियम्सचं काय झालं, त्याचा हा वृत्तांत. आपल्यातले निम्मे लोक आय.व्ही.च्या निमित्ताने मुंबईला जातात आणि उरलेला अर्धा दिवस चौपाटीवर घालवतात. त्यांना यातून काही मिळालं तर लेखाचं सार्थक झालं.

आधी फजिती

एस.ई.ला असताना एका टेक फेस्टला पेपर प्रेझेंट करायला आम्ही तिघी मुंबईला गेलो होतो. पेपर रविवारी दुपारी संपला, परतीची गाडी सोमवारी संध्याकाळची. मी जाहीर केलं, "काळा घोड्याला सगळी म्युझियम्स एका ठिकाणी आहेत. जे जवळ दिसेल त्यात शिरायचं." ओ.आर.च्या भाषेत याला नियरेस्ट नेबर म्हणतात. उभे आहोत तिथून सगळ्यात जवळचं ठिकाण गाठायचं, तिथून पुन्हा सगळ्यात जवळचं. सोपी पद्धत आहे आणि बऱ्याचदा फसते.

रविवारी चार वाजता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. तळमजल्यावरची शिल्पंच बघत होतो तोवर पावणेसहा झाले आणि रखवालदारकाका "चला, चला" करायला लागले. वरचे मजले वरच राहिले. सोमवारी सकाळी साडेनऊला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासमोर हजर. सोमवारी बंद. म्हटलं, घारापुरीला जाऊ. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, म्हणून दीड तास फूटपाथवर बसलो. गंमत म्हणजे त्या दिवशी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उघडं होतं. पण ते "लांब" म्हणून आम्ही यादीतूनच काढलं होतं. थोडक्यात, पाच ठिकाणांपैकी दीड बघून आम्ही परत आलो.

घरी हे सगळं हसत हसत सांगितलं. आई हसली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "माझंही असंच झालं होतं."

बाबा माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती पोरं बसवली असतील याची गणती नाही. १९८७ साली कोल्हापूरला ए.टी.डी. करताना ते मित्राबरोबर एका दिवसासाठी मुंबईला आले होते. आधी जे.जे.चं आवार, मग जहांगीर. मग शेजारच्या म्युझियमच्या दारात (तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स) पोचले, तर आत सोडायची वेळ संपलेली. रात्रीच्या गाडीने परत. "पुन्हा येऊ" म्हणाले होते. त्यानंतर नोकरी, घर, आमची शिक्षणं. पुढची सगळी वर्षं वर्गात लघुचित्रं शिकवली ती कॅलेंडरची आणि मासिकांतली कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवून.

आता ते रिटायर झालेत. उजवा गुडघा कुरकुरतो, डॉक्टरांनी जास्त जिने नको सांगितलेत. म्हणजे या वेळी चूक झाली तर "पुन्हा येऊ" म्हणण्यात फारसा अर्थ नव्हता. म्हणून वही काढली.

सेल्समन आणि त्याचे १२० रस्ते

ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम तुम्हाला माहीत आहे. सेल्समनला काही गावं एकदा-एकदा फिरून घरी परत यायचंय, तर सगळ्यात कमी अंतराचा क्रम कोणता? पाच ठिकाणं असतील तर क्रम होतात पाच फॅक्टोरियल, म्हणजे १२०. दहा असतील तर ३६,२८,८००. आकडा बघून घाबरायला होतं, पण खऱ्या आयुष्यात देव दयाळू आहे. तो कन्स्ट्रेंट्स देतो. आणि कन्स्ट्रेंट्स लावत गेलं की १२० मधले बहुतेक पर्याय आपोआप गळतात. आपण वैतागतो ते बंदचे वार, ठरलेल्या वेळा आणि गर्दी यांच्यामुळेच गणित सुटतं.

माझ्या यादीत पाच ठिकाणं होती: वस्तुसंग्रहालय, आधुनिक कला संग्रहालय, जहांगीर, भाऊ दाजी लाड आणि घारापुरी. आता एकेक चाळणी लावू.

पहिली चाळणी: वार

आधुनिक कला संग्रहालय आणि घारापुरी सोमवारी बंद. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद (ते ज्या बागेत आहे ती राणीची बागही बुधवारीच बंद असते). वस्तुसंग्रहालय आठवडाभर उघडं, फक्त काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. जहांगीर रोज.

आपल्याकडे सलग दोन दिवस आहेत. आठवड्यात अशा जोड्या सात. सोमवार किंवा बुधवार ज्यात येतो त्या खोडा. उरतात गुरु-शुक्र, शुक्र-शनि आणि शनि-रवि. राणीच्या बागेत शनिवार-रविवारी पोराटोरांची जत्रा असते, म्हणून गुरु-शुक्र. बघा, एकही किलोमीटर न मोजता अर्धा प्रश्न सुटला.

ही चाळणी कुठल्याही शहराला लागते. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी. पॅरिसला तर लूव्र मंगळवारी बंद आणि ओर्से सोमवारी. हे दोन वार ज्यांना माहीत नाहीत, ते लोक हजारो मैल उडत जाऊन कुलूप बघून येतात. तिकीट काढायच्या आधी वार बघायचा, नंतर नाही. आणि आदल्या दिवशी एक फोन करायचा. आधुनिक कला संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रदर्शनं बदलतात, आणि एक उतरून दुसरं लागेपर्यंत भिंती रिकाम्या असू शकतात.

दुसरी चाळणी: घड्याळ

वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं आणि सहाला मिटतं. भाऊ दाजी लाड आणि आधुनिक कला संग्रहालयही संध्याकाळी सहापर्यंत. जहांगीर मात्र अकरा ते सात. जी जागा उशिरापर्यंत उघडी ती शेवटी, हा साधा नियम. बाबांनी १९८७ मध्ये आणि मी एस.ई.ला नेमकं याच्या उलट केलं होतं.

तिसरी चाळणी: एकदिशा रस्ते

आम्ही उतरणार दादरला, आत्याकडे. दादर ते सी.एस.एम.टी. नकाशावर दोन्ही बाजूंनी सारखंच. पण सकाळी नऊला दादरहून दक्षिणेकडे जाणं आणि दुपारी बाराला जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संध्याकाळी हेच उलट दिशेने. पुस्तकात याला असिमेट्रिक टी.एस.पी. म्हणतात. म्हणजे अ पासून ब पर्यंतची कॉस्ट आणि ब पासून अ पर्यंतची कॉस्ट वेगळी, शिवाय ती वेळेप्रमाणे बदलणारी. ज्याने संध्याकाळी सहाची लोकल एकदा पकडली आहे त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गुडघेवाल्या माणसाला त्या गर्दीत घालायचं नाही, म्हणून नियम केला: दक्षिणेकडे जायचं तर आठच्या आत किंवा अकरानंतर, उत्तरेकडे यायचं तर चारच्या आत किंवा रात्री साडेआठनंतर.

भायखळा स्टेशन दादर आणि सी.एस.एम.टी. यांच्या मधे पडतं. म्हणजे भाऊ दाजी लाड "लांब" नव्हतंच, वाटेवर होतं. काळा घोड्यावर उभं राहून अंतर मोजल्यामुळे ते लांब वाटलं होतं.

चौथी चाळणी: माणूस

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सेल्समन दमत नाही आणि कंटाळतही नाही. माणूस दोन्ही करतो.

म्युझियममध्ये येणारा थकवा चालून येणाऱ्या थकव्यापेक्षा वेगळा असतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कसं वाकावं लागतं, कशी मान ताणावी लागते, याचे फोटो काढले. म्हणजे थकव्याला निम्मी जबाबदार मांडणी आहे. उरलेला निम्मा डोक्याचा. पहिल्या दहा मूर्ती आपण बघतो, पुढच्या दहांवरून नजर फिरवतो, आणि नंतर फक्त बाक कुठे आहे ते शोधतो.

दुसरा आकडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका चित्रासमोर सरासरी २७.२ सेकंद थांबतात असं दिसलं. मीडियन मात्र १७ सेकंद. (सरासरी मीडियनपेक्षा मोठी, म्हणजे थोडेच लोक खूप वेळ थांबतात आणि ते सरासरी वर ओढतात. एम-थ्रीच्या सरांना आनंद होईल.) आपल्या वस्तुसंग्रहालयाचा संग्रह साधारण ५० हजार वस्तूंचा आहे. सगळ्या मांडलेल्या नसतात. पण समजा मांडल्या आणि प्रत्येकीला २७ सेकंद दिले, तर ३७५ तास होतात. रोज उघडल्यापासून मिटेपर्यंत बघत राहिलं तरी ४८ दिवसांहून जास्त. तेव्हा "सगळं बघू" हे वाक्य गणितानेच बाद होतं. निवडावं लागतं.

निवड म्हटली की ओ.आर.मध्ये ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम येतो. प्रत्येक ठिकाणाला मार्क द्यायचे, वेळेचं बजेट ठरवायचं आणि त्या बजेटात जास्तीत जास्त मार्क गोळा करायचे. सगळी ठिकाणं व्हायलाच हवीत अशी अट नाही. मी एक्सेल शीट केली आणि बाबांचे मार्क स्वतःच भरून टाकले. घारापुरीला शून्य दिलं, कारण वर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या. मग शहाणपण सुचलं आणि शीट बाबांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावून नीट वाचली. म्हणाले, "घारापुरी काढ. शाळेची सहल घेऊन दोनदा जाऊन आलोय." मला हे माहीतच नव्हतं! मग म्युझियमच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे दोनदा लिही."

"दोनदा?"

"एका दिवशी मूर्ती, दुसऱ्या दिवशी चित्रं. एकाच दिवशी दोन्ही बघितलं की दोन्ही जातं."

टी.एस.पी.ची व्याख्याच अशी आहे की प्रत्येक गाव एकदाच. त्यामुळे एका गावाचे दोन तुकडे करायचे हे मला सुचलं नव्हतं. बाबांना सुचलं, कारण त्यांनी ओ.आर. केलेलं नाही.

पाचवी चाळणी: उजेड

मूर्ती आधी की चित्रं आधी? इथे मला एक मजेशीर गोष्ट सापडली. लघुचित्रांच्या दालनात अंधार का असतो, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. वाटायचं, विजेची बचत. खरं कारण असं की उजेडाने कागद आणि रंग खराब होतात आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळली जाते. तैलचित्रांना १५० ते २०० लक्स चालतात. दगडाला फारशी फिकीर नसते. भर दुपारी बाहेर उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात.

आता गुणाकार करा. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस: १,२०,००० लक्स-तास. उन्हात ठेवलं तर एवढा डोस व्हायला लागतात ७२ मिनिटं. दालनात वर्षभर टांगलेल्या चित्राला जेवढा उजेड मिळतो, तेवढा उन्हात सव्वा तासात. हे कळल्यापासून अंधाऱ्या दालनाबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्यातून क्रमाचा नियम निघतो. रणरणत्या उन्हातून थेट लघुचित्रांसमोर गेलात तर पहिली काही मिनिटं डोळे सरावण्यातच जातात, आणि ती चित्रं तर हातभर अंतरावरून बारीक बघायची. म्हणून एक तर आधी शिल्पं बघायची, किंवा आत जाऊन दहा मिनिटं शांत बसायचं आणि मग वर जायचं. शिवाय बारीक काम सकाळी, डोकं ताजं असताना. मोठी शिल्पं दुपारी चालतात, त्यांच्यासाठी दोन पावलं मागे सरायचं असतं आणि जवळ बाक असला तर बसूनही बघता येतं.

ठरलेला क्रम

सगळ्या चाळण्या लावल्यावर शीटवर हे उरलं:

गुरुवार: रात्रीच्या महालक्ष्मीने सकाळी दादर. आत्याकडे आंघोळ, विश्रांती. अकरानंतर भायखळा, भाऊ दाजी लाड. जेवण. टॅक्सीने काळा घोडा. वस्तुसंग्रहालय, फक्त शिल्पं. शेवटी जहांगीर. साडेआठनंतर सी.एस.एम.टी.हून सुटणारी स्लो लोकल, म्हणजे बसायला मिळतं.

शुक्रवार: आठच्या आत निघायचं. फोर्टमध्ये नाश्ता. सव्वादहाला वस्तुसंग्रहालय, फक्त लघुचित्रं, दीड तास. जेवण. आधुनिक कला संग्रहालय, दीड तास. चारच्या आत दादर. रात्री महालक्ष्मी.

प्रत्यक्षात

भायखळ्यापासून सुरुवात करायचं ठरलं होतं ते लोकलच्या गर्दीमुळे. पण तिथे पोचल्यावर त्याचा दुसराच फायदा कळला. १८७२ साली सुरू झालेलं हे मुंबईचं सगळ्यात जुनं संग्रहालय. २००३ ते २००८ या काळात त्याची डागडुजी झाली आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आत सोनेरी नक्षीचे खांब, आणि जुन्या मुंबईतल्या लोकांच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती. बाबा पगड्यांचे प्रकार मोजत बसले.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला उचलत होते, तर क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. (फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी घेतला की काय होतं, त्याचं हे उदाहरण डिझाइनच्या वायव्हात द्यायला हरकत नाही.) तुकडे जोडून आता तो भायखळ्यात आहे. आणि त्याच आवारात सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं तो मूळचा काळा घोडा! १९६५ साली तो तिथून हलवला. काळा घोड्याला आज जो घोडा दिसतो तो २०१७ साली बसवलेला आणि स्वाराशिवायचा आहे. म्हणजे घारापुरीचा हत्ती आणि फोर्टातला घोडा, दोघे भायखळ्यात. बाबा म्हणाले, "चला, घारापुरी पण झाली." पुढे वस्तुसंग्रहालयात घारापुरीहून आणलेली शिल्पं दिसली तेव्हा त्यांनी लगेच ओळख काढली, "हे आपल्या हत्तीच्या गावचे."

दुपारी मूर्ती. मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, आणि ऐहोळेच्या देवळातले छताचे दगडी फलक. देवळात हे फलक मान मोडून वर बघावे लागले असते. इथे ते समोर होते. मला गिलमनसाहेब आठवले. दोन तासांनी बाबांचा चेहरा ताजा होता, कारण वर काय आहे याची घाई नव्हती. वर उद्या जायचं होतं.

शुक्रवारी सव्वादहाला आम्ही दारात होतो. रखवालदाराने दार उघडलं तेव्हा बाबांनी घड्याळ बघितलं आणि काही बोलले नाहीत. खाली दहा मिनिटं बसलो. मग सावकाश जिना.

माझ्या शीटप्रमाणे पावणेबाराला आम्ही लघुचित्रं संपवून बाहेर पडायचं होतं. पावणेबाराला बाबा तिसऱ्या चित्रासमोर होते. अकबराच्या चित्रशाळेतलं पान. मी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खोकले. ते हवेत बोट फिरवत होते. आधी मला कळेना काय चाललंय. मग कळलं, चित्रातली रेष गिरवत होते.

"खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश," हळू आवाजात म्हणाले. "मी पोरांना सांगायचो, बघा, रेष कुठे तुटत नाही. आणि माझ्या कात्रणात तर रेषच नव्हती गं. भिंगाखाली धरलं की नुसते ठिपके दिसायचे."

ते बरोबर होतं. छापील चित्र हाफटोन असतं. चार रंगांच्या ठिपक्यांचं जाळं, आणि ठिपक्यांपेक्षा बारीक रेष त्यात टिकतच नाही. केसाएवढी रेष चार रंगांच्या ठिपक्यांत वाटली जाते आणि विरते. आपण प्रिंट बघतो तेव्हा चित्राचा विषय दिसतो, हात दिसत नाही. बाबांनी इतकी वर्षं तुटलेल्या रेषेकडे बोट दाखवून न तुटलेली रेष शिकवली होती.

मी शीट खिशात घातली. त्या एका पानासमोर ते पन्नास मिनिटं होते. मेट्रोपॉलिटनची सरासरी वर ओढणारे लोक कोण असतात ते मला समजलं.

आम्ही दीड वाजता बाहेर पडलो. आधुनिक कला संग्रहालयाला दीड तासाऐवजी पाऊण तास मिळाला. ती इमारत म्हणजे १९११ सालचं कावसजी जहांगीर सभागृह, वस्तुसंग्रहालय बांधणाऱ्या जॉर्ज विटेट यांचंच काम. आतून पायऱ्या-पायऱ्यांनी मजले वर घुमटापर्यंत चढत जातात. बाबा खालच्या मजल्यावर बसले, "तू वर जाऊन ये, मला येऊन सांग" म्हणाले. मी धावत जाऊन आले आणि सांगितलं. मार्कांच्या हिशोबात आमचे तीस-चाळीस मार्क गेले असतील. चारच्या आत लोकल मात्र पकडली.

तुमच्यासाठी

तर पुढच्या वेळी कुठल्याही शहरात म्युझियम्सचा क्रम लावताना एवढं करा:

१. बंदचे वार बघा, मग तिकीट काढा. राष्ट्रीय सुट्ट्याही बघा.
२. उशिरापर्यंत उघडं असणारं ठिकाण शेवटी ठेवा.
३. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, त्या वेळेच्या गर्दीत मोजा. आणि मुक्कामापासून मोजा.
४. बारीक बघायचं ते सकाळी. उन्हातून आलात तर आधी डोळे सरावू द्या.
५. मोठं म्युझियम असेल तर दोन दिवसांत वाटा. दोन तिकिटांचे पैसे जातात, पण बघितलेलं लक्षात राहतं.
६. दिवसाचा निदान पाव वेळ रिकामा सोडा. माझ्या शीटमध्ये स्लॅक शून्य होता. आधुनिक कला संग्रहालयाचा वेळ गेला तो त्यामुळे, बाबांमुळे नाही.
७. ज्याला न्यायचंय त्याला मार्क भरू द्या.

आय.व्ही.ला आलात आणि फक्त अर्धाच दिवस हातात असेल, तर दुपारी अडीचला वस्तुसंग्रहालयात जाऊन एकच मजला बघा, साडेपाचला शेजारच्या जहांगीरमध्ये जा. जहांगीरला तिकीटही नाही, त्यामुळे मेसचं बिल थकलेल्यांनाही परवडतं.

बाबांनी घरी आल्यावर जुन्या पुठ्ठ्यावरचं कात्रण काढलं, त्याच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि ते माझ्या धाकट्या चुलतभावाला दिलं. त्याची यंदा इंटरमिजिएट आहे. मी वाचलं. लिहिलं होतं: "मूळ चित्र मुंबईला, वरच्या मजल्यावर. सकाळी जावे."